पिनर ते नॉर्थ हॅरो एवढा ईमेल

आपली नोकरी जाण्याच्या बेतात आहे अशी लेखी बातमी हातात पडताच पुरुषोत्तम कुंभोजकरने ऑफिसात दीड किलो काजूकतली वाटली.

पत्र शुक्रवारी दुपारी मिळालं. शनिवारी तो सहकुटुंब बेसिंगस्टोकहून गाडी काढून वेम्बलीला गेला, ईलिंग रोडवरून ताजी कतली घेतली आणि सोमवारी सकाळी टेबलाटेबलावर जाऊन डबा पुढे केला. ही कंपनी कौन्सिलांसाठी कचऱ्याच्या बिन्सचं सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या घरापुढची कुठल्या रंगाची बिन कुठल्या वारी उचलायची हे ते ठरवतं, आणि आदल्या संध्याकाळी त्या घराला तसा मेसेज पाठवतं. इंग्लंडात शेजाऱ्याचं लग्न मोडलेलं खपतं, पण त्याची बिन चुकीच्या वारी फुटपाथवर उभी राहिलेली खपत नाही. त्यामुळे काम जबाबदारीचं होतं, आणि पुरुषोत्तमला ते फार आवडायचं.

कतली सगळ्यांनी थँक यू म्हणून खाल्ली. ज्यांना पत्रातला मजकूर ठाऊक होता त्यांनी दोन-दोन खाल्ल्या. पत्र लिहिणारी त्याची मॅनेजर फिलिपा हातातल्या वडीकडे बघत म्हणाली, "पुरू, हे तू फारच मोठ्या मनाने घेतलंस."

"त्यात काय!" पुरुषोत्तम म्हणाला. "आणखी एक घ्या."

संध्याकाळी स्वाती, म्हणजे त्याची बायको, कामावरून आली. ती एका फार्मसीत औषधं भरून देण्याचं काम करते, त्यामुळे बारीक अक्षरातलं शेवटपर्यंत वाचायची तिला सवय आहे. फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलेलं पत्र तिने काढलं आणि उभ्याउभ्याच वाचायला घेतलं.

"अरे, तू हे पूर्ण वाचलंस?"

"वाचलं की. 'बिन्सबद्दल या इमारतीत पुरूइतकं कोणालाच कळत नाही.' स्पष्ट लिहिलंय."

"आणि त्याच्या पुढचं?"

"पुढे काय आहे?"

"पुढे 'पण' आहे," स्वाती म्हणाली. "'पण त्याचे ईमेल कोणाच्याच्याने वाचून पुरे होत नाहीत, आणि आमचे ईमेल तो पुरे वाचत नसावा असं वाटतं. सत्तावीस मार्चच्या रिव्ह्यूपर्यंत यात फरक पडला नाही, तर प्रोबेशननंतर त्याला कायम करता येणार नाही.' दुसऱ्या पानावर आहे."

"दुसरं पान आहे?"

स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. नोकरी गेली की व्हिसाचा स्पॉन्सर जाणार, स्पॉन्सर गेला की साठ दिवसांत दुसरा शोधा नाहीतर गाशा गुंडाळा, हा हिशेब या देशात वर्क व्हिसावर राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला पाढ्यांच्या आधी पाठ असतो. आतल्या खोलीतून निधीचा आवाज आला. ती अकरावीत होती, म्हणजे इथल्या मोठ्या परीक्षेच्या वर्षात.

"बाबा, माझी जीसीएसई मेमध्ये आहे. जस्ट सेइंग."

पुरुषोत्तमची बाजूही मांडायला हवी. त्याला मिरजेच्या शाळेत इंग्रजीत पैकीच्या पैकी मार्क पडायचे, आणि ते तेरदाळकर सरांच्या पद्धतीने पडायचे. सर सांगत, उतारा वाचत बसू नका, वेळ जातो. आधी प्रश्न वाचा. प्रश्नातला सगळ्यात मोठा शब्द उताऱ्यात हुडका. तो ज्या वाक्यात असेल ते वाक्य जसंच्या तसं उतरवून काढा. या पद्धतीने पुरुषोत्तमने दहा वर्षांत शंभरेक उतारे सोडवले आणि एकही वाचला नाही. पुढे पुण्यात पंधरा वर्षं नोकरी झाली तीही तशीच. ईमेल आला की आपलं नाव हुडकायचं, ते ज्या वाक्यात असेल ते वाचायचं आणि त्याला उत्तर द्यायचं.

लिहिण्याची पद्धतही शाळेतलीच. पेपर चालू असताना पुरवणी मागणाऱ्या मुलाकडे सगळा वर्ग वळून बघतो, आणि दुसरी पुरवणी मागणाऱ्याकडे पर्यवेक्षकसुद्धा आदराने बघतात. पुरुषोत्तमने तिसरी मागितलेली होती. त्याच्या ईमेलमध्ये आधी ख्यालीखुशाली असे, मग पूर्वीच्या पत्रव्यवहाराचा संदर्भ, मग त्या संदर्भाचा इतिहास, आणि हे सगळं वाचून जो जिवंत राहील त्याच्यासाठी कामाची गोष्ट. वर दोन अटॅचमेंट्स दोऱ्याने बांधल्यासारख्या लोंबत असत.

त्याच आठवड्यात लंडनमधल्या हॅरोला संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. स्वातीने वाण घेता घेता ही कथा मधुमतीबाईंच्या कानावर घातली. बाई लग्न होऊन दादरहून हॅरोजवळच्या पिनरला आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. त्यातली एकतीस त्यांनी हॅरोच्या एका शाळेत इंग्रजांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात घालवली. दुःख ऐकून बायका सहसा "होईल सगळं नीट" म्हणतात. बाई म्हणाल्या, "शनिवारी दहाला पाठव त्याला. त्याने पाठवलेले सगळ्यात लांब तीन ईमेल छापून आण म्हणावं. आणि फी म्हणून अळूची पानं. काळ्या देठाची."

शनिवारी पिनरच्या त्या नीटनेटक्या बैठकीच्या खोलीत पुरुषोत्तम स्वातीच्या शेजारी फाइल मांडीवर घेऊन, गुडघे जुळवून बसला. वय पंचेचाळीस. शेजारच्या खोलीत बाईंचे यजमान विष्णूकाका आवाज बंद करून स्नूकर बघत होते.

बाईंनी पहिला ईमेल हातात घेतला. सहा मिनिटं घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"पुरुषोत्तम, हा ईमेल आहे की सत्यनारायणाची पोथी?"

"म्हणजे कसं, बाई?"

"म्हणजे शेवटी प्रसाद मिळणार म्हणून लोक बसून राहतील, असा तुझा समज दिसतोय. साधुवाण्याची नाव बुडाली तरी तुझा मुद्दा येत नाही."

"बाई, एकदम कामाचं बोलणं बरं दिसत नाही. दारात पाय ठेवल्या ठेवल्या..."

"अहो, ह्यांचं सगळंच असं आहे," स्वाती मध्ये पडली. घरात ती त्याला अरे-तुरे करते, पण बाईंच्या समोर तिला एकदम संस्कार आठवले होते. "मला मागणी घालायला आले तेव्हा मिरजेच्या पाणीपुरवठ्यावर पाऊण तास बोलले. मी शेवटी विचारलं, तुम्ही नगरपालिकेकडून आलात का?"

शेजारच्या खोलीतून विष्णूकाका मोठ्याने हसले. म्हणजे ते स्नूकर बघत नव्हते.

बाईंनी त्याला एक पोस्टकार्ड आणि पेन्सिल दिली. पोस्टकार्डाने खालचा मजकूर झाकायचा आणि एकेक ओळ उघडत वाचायची. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने तीनच गोष्टी लिहायच्या: कोणाला, काय हवंय, कधीपर्यंत. नाव हुडकायचं नाही. "तुझं नाव कुठे आहे ते तुला माहीतच आहे," बाई म्हणाल्या. "बाकी लोकांना काय हवंय ते बघ जरा."

पहिल्याच दिवशी त्याने फिलिपाचा एक जुना ईमेल या पद्धतीने वाचला आणि चाळीस वर्षांच्या माणसाला पहिल्यांदा चष्मा लागल्यावर झाडाला सुटी सुटी पानं दिसतात तसा चकित झाला.

"बाई! यात तिने मला तीन प्रश्न विचारलेत!"

"हो का. तारीख काय आहे?"

"सहा नोव्हेंबर."

"मग पुढच्या वेळी लवकर दे उत्तरं."

तो इतका खूश झाला की परत जाताना त्याने एम पंचवीस हायवेवरचे सगळे फलक पूर्ण वाचले. गाडी स्वाती चालवत होती म्हणून बरं.

वाचन असं मार्गी लागलं. लिहिणं काही लागेना. दर शनिवारी तो एक ईमेल कापून आणायचा आणि बाई त्यातून आणखी एक पान कापायच्या. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी त्या एकदम उठल्या आणि कोट घालू लागल्या.

"चल. स्टेशनवर."

बाईंचं म्हणणं असं होतं, की तुझा ईमेल खुर्चीत बसून कोणी वाचत नाही. तो वाचतात ट्रेनमध्ये, एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हातातल्या फोनवर. पिनरनंतरचं स्टेशन नॉर्थ हॅरो. दोन मिनिटं. पिनरला दार बंद झाल्यावर वाचायला लागायचं, आणि नॉर्थ हॅरोला दार उघडताना माणसाला कळायला हवं की आपण काय करायचं. नाही कळलं तर तो ईमेल तिथेच उतरला, माणूस पुढे गेला.

मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत बाईंनी त्याचा फोन घेतला. दार बंद झालं. दार उघडलं. दोघं प्लॅटफॉर्मवर उतरली.

"काय कळलं, बाई?"

"तू खुशाल आहेस एवढं कळलं."

त्याने बाकावर बसून वरचे दोन परिच्छेद उडवले. उलट्या गाडीने परत पिनर, आणि पुन्हा इकडची गाडी. या वेळी बाईंना कळलं की काहीतरी अडचण आहे आणि पुरुषोत्तमला तिचा मनापासून खेद वाटतो. खेद उडाला. पुढच्या फेरीत अडचण कळली, पण ती कोणाची ते कळेना. तोवर पुरुषोत्तमला चेव चढला होता. बाहेर दोन अंश तापमान होतं आणि तो कोट काढून अंगठ्याने शब्द उडवत होता, फुगडी घालणाऱ्या बाईसारखा धापा टाकत. "बाई, 'प्लीज'सुद्धा काढू?"

"एक राहू दे. चार आहेत."

नॉर्थ हॅरोच्या कर्मचाऱ्याने दोनदा येऊन आपण कुणाला शोधताय का म्हणून विचारलं. "मुद्दा शोधतोय," बाई म्हणाल्या. तो सहानुभूतीने मान हलवून गेला.

पाचव्या फेरीत गाडीने अजून नीट वेगही घेतला नव्हता तेवढ्यात बाईंनी फोन खाली केला.

"मंगळवारपर्यंत दुसऱ्या विभागातल्या रस्त्यांची यादी पाठवायची."

"बाई! हेच! हेच मला हवं होतं!"

"मग मला जानेवारीपासून पोथी वाचायला लावून का दमवत होतास," बाई म्हणाल्या, पण त्यांचेही गाल लाल झाले होते, आणि ते काही थंडीने नव्हतं. नॉर्थ हॅरोच्या प्लॅटफॉर्मवर पंचेचाळीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्र्याहत्तर वर्षांच्या बाईंना वाकून नमस्कार केला. समोरच्या गाडीतल्या लोकांनी इंग्रजी पद्धतीप्रमाणे ते न दिसल्यासारखं केलं.

मार्च उजाडला. सत्तावीस तारखेचा शुक्रवार जवळ येत होता, आणि सोमवारी तीस तारखेला दक्षिणेकडच्या एका मोठ्या कौन्सिलचं नवं सॉफ्टवेअर चालू होणार होतं. बावन्न हजार घरं. सगळं ऑफिस सहा महिने त्याच कामात होतं.

सव्वीस तारखेला, गुरुवारी दुपारी दीडला कौन्सिलचा ईमेल आला. पहिलीच ओळ: तुमचं काम आम्ही आनंदाने मंजूर करत आहोत. ऑफिसात टाळ्या झाल्या. टीम लीड रॉजरने ग्रुपवर फटाक्यांची चित्रं पाठवली आणि केक मागवला. चार वाजता रिलीजचं, म्हणजे सॉफ्टवेअर कौन्सिलच्या हवाली करायचं बटण दाबायचं असं ठरलं.

पुरुषोत्तमने ईमेल छापून घेतला, पोस्टकार्ड ठेवलं आणि पेन्सिल घेतली. शेजारच्याने विचारलं, "पुरू, केक?"

"एक मिनिट. मी चौथ्या परिच्छेदावर आहे."

आठ परिच्छेद होते. सहाव्यात, पार्किंगच्या उल्लेखाच्या आणि सगळ्यांच्या आभाराच्या मधोमध, एक वाक्य होतं: कोणी वेगळं कळवलेलं नसल्यामुळे ईस्टरचे बदललेले वार यात आहेत असं आम्ही धरून चाललो आहोत.

पुरुषोत्तमची पेन्सिल थांबली. ईस्टरचे वार यात नव्हते. ते एप्रिलअखेरच्या पुढच्या रिलीजमध्ये ढकलले होते. गुड फ्रायडे आठवड्यावर आला होता. त्या दिवशी कचऱ्याच्या गाड्या निघत नाहीत, शुक्रवारची घरं शनिवारी करतात, आणि पुढे सोमवारच्या सुट्टीमुळे सगळा आठवडाच एक दिवस सरकतो. सॉफ्टवेअर मात्र गुरुवारी संध्याकाळी हजारो घरांना हसतमुखाने कळवणार होतं, की उद्या बिन बाहेर ठेवा. आणि त्याच्या पुढचा आठवडाभर सगळ्या बावन्न हजार घरांना आपापल्या वाराच्या एक दिवस आधीच.

घड्याळात एक पन्नास झाले होते.

त्याने फिलिपाला ईमेल लिहायला घेतला. "आपण क्षेमकुशल असाल अशी आशा करतो" इथपासून सुरुवात झाली. बारा मिनिटांत दीड पान झालं. त्यात ईस्टरची तारीख दर वर्षी का बदलते याचंही स्पष्टीकरण होतं. मग त्याने डोळे मिटले आणि त्याला पिनरचं दार बंद होताना ऐकू आलं. त्याने सगळं उडवलं आणि पुन्हा लिहिलं.

फिलिपा, आजचं रिलीज थांबव. ईस्टरचे वार त्यात नाहीत, आणि ते आहेत असं कौन्सिल धरून चाललंय. त्यांच्या ईमेलचा सहावा परिच्छेद बघ. थांबवलं नाही तर गुड फ्रायडेपासून बावन्न हजार घरांना चुकीचा वार जाईल. चारच्या आत हो की नाही ते सांग. पुरू.

त्याने ते पुन्हा वाचलं. हे म्हणजे पंचा गुंडाळून लग्नाला गेल्यासारखं दिसत होतं. उद्या जी बाई आपली नोकरी ठरवणार तिला आज हुकूम सोडायचा, तोही केक कापायच्या वेळी. त्याने स्वातीला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

"पाठव," स्वाती म्हणाली. तिच्यामागे औषधासाठी रांग लागलेली ऐकू येत होती.

"नुसता नमस्कार तरी घालू का गं?"

"घालू नकोस."

"निदान सॉरी? रॉजरचा केक आलाय."

"अरे, आग लागली तर केक संपायची वाट बघतोस का? पाठव! ठेवते मी, इथे एका आजोबांना गोळ्या द्यायच्यात."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या. खरं आहे ना हे? मग पाठव."

दोन वाजून अकरा मिनिटांनी त्याने बटण दाबलं.

नऊ मिनिटं काही झालं नाही. मग फिलिपा पळत आली. इंग्रज माणूस ऑफिसात पळत नाही. फायर अलार्म वाजला तरी तो आधी कोट घेतो. फिलिपा पळत आली, हातात फोन, आणि पुरुषोत्तमच्या टेबलाशी वाकून उभी राहिली.

"हे खरं आहे?"

"हो."

"पक्कं?"

त्याने पेन्सिलच्या खुणांचा कागद पुढे केला. तिने सहावा परिच्छेद वाचला. मग पहिल्यापासून सगळा वाचला. वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला.

"हे आमच्यापैकी कोणीच वाचलं नाही. आम्ही पहिली ओळ वाचली आणि टाळ्या वाजवल्या." ती थांबली. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"कौन्सिलचा समज मला आत्ता कळला. पण ईस्टर सोडून पुढे जाऊ नये, हे मी जानेवारीत लिहिलं होतं."

"कुठे?"

"तिसऱ्या पानावर," पुरुषोत्तम म्हणाला.

फिलिपाने त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही तिच्याकडे पाहिलं. आणि मग दोघांनाही एकाच वेळी हसू फुटलं, आवरता न येणारं. केक कापायची सुरी हातात धरून रॉजर लांबून बघत होता.

रिलीज थांबलं. सोमवार हुकला. कौन्सिलला कळवलं, त्यांनी तीन आठवडे पुढची तारीख दिली. डायरेक्टरचा फोन येऊन गेला, तो फिलिपाने दार लावून घेतला. रॉजर दिवसभर पुरुषोत्तमशी एक शब्द बोलला नाही. एवढ्या लोकांचा एवढा आनंद पाच वाक्यांत बुडवलेला माणूस रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी सहसा सापडत नाही, आणि हे पुरुषोत्तमला पुरतं ठाऊक होतं.

शुक्रवारी साडेदहाला फिलिपाने त्याला बोलावलं. बोलली फारसं नाही. एक पाकीट पुढे केलं आणि म्हणाली, "हे लिहायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. वाच."

तो जिन्यात गेला. तिथे कोणी नसतं, सगळे लिफ्टने जातात. पायरीवर बसून त्याने पाकीट उघडलं. कागद गुडघ्यावर ठेवला. एकच पान होतं. त्याने तरी उलटून मागे बघितलं. मग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही ओळ न गाळता वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग स्वातीला फोन लावला.

"बोल," स्वाती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की क्षणभर त्याला वाटलं, निधीनेच उचलला.

"कायम केलं."

"नीट वाचलंस? खालपर्यंत?"

"खालपर्यंत. पहिल्याच ओळीत लिहिलंय, की आजपासून तू कायम. दुसऱ्या परिच्छेदात, कौन्सिलचा प्रत्येक ईमेल इथून पुढे आधी मी वाचायचा आणि बाकीच्यांना पाच ओळींत सांगायचा. तिसऱ्यात, रॉजरनेही हे शिकावं असं तिला वाटतं, आणि मी शिकवेन का असं विचारलंय. सोमवारपर्यंत सांगायचंय. बस. एवढंच आहे, स्वाती. दुसरं पान नाही. मी बघितलं."

पलीकडून जी किंकाळी आली ती जिन्यात तीन मजले घुमली. त्यापाठोपाठ एका म्हाताऱ्या इंग्रज माणसाचा काळजीचा आवाज ऐकू आला, बाई ठीक आहेत ना म्हणून विचारणारा, आणि स्वातीचा इंग्रजीतला हुंदका, की वी आर स्टेइंग, वी आर स्टेइंग, तुमच्या गोळ्या दोन मिनिटांत देते.